एक पॉइंट चार एमबी

(धुळे, १९९५. कॉम्प्युटर क्लासमधली सकाळ. टेबलावर बारा फ्लॉप्या.)

अभिमन : ...आणि सोबतची माहितीची फाइल इंग्रजीतच राहू दे, जुबेदा. जळगावचे क्लासवाले इंग्रजीच वाचतात.

जुबेदा : वाचतात कुठे, सर? उघडतात आणि बंद करतात. म्हणून चारच ओळी लिहिल्यात. बाइट्सचे केबी-एमबी करून देणारी ही कोडची लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमला कशी जोडायची, आत बाइट्स कसे द्यायचे, बाहेर काय मिळतं. झालं!

अभिमन : उदाहरण?

जुबेदा : दिलंय ना. आत टाका तीन लाख सात हजार दोनशे, बाहेर ‘तीनशे केबी’. एकं दहं शतं करत बसायला नको.

अभिमन : छान. आता हेडर, लायब्ररी, उदाहरण, माहिती, सगळं एका झिपमध्ये बांध आणि बाराही फ्लॉप्यांवर उतरव. साडेबाराच्या गाडीने निघू. कॉम्प्युटर क्लासांचे पंचवीस मास्तर जमणारेत आज जळगावला. दहा मिनिटं तू बोलायचंस.

जुबेदा : दहा? लायब्ररीच दोनशे ओळींची आहे, सर. पाच मिनिटांत माझं बोलणं आणि लायब्ररी दोन्ही संपतील.

द्रौपदाबाई : अभिमनभाऊ शेतस का?

अभिमन : अरे, अक्का! या, या. आज धुळ्यात कशा? जुबेदा, या द्रौपदाअक्का. पाचोऱ्याला यांचा छापखाना आहे. तुझी लायब्ररी जोडलेला तो फायलींची यादी दाखवणारा प्रोग्रॅम मी महिन्यापूर्वी यांच्याच मशीनवर टाकला होता, चाचणीसाठी. कशी चाललीय यादी, अक्का?

द्रौपदाबाई : पहिल्या गाडीवर उनी मी तेच सांगाले. तुमनी यादी खोटं बोलस.

अभिमन : खोटं?

द्रौपदाबाई : वधू-वर सूचीनी फाइल शे ना आमनी, ती जळगावले मोठ्या छापखान्यात द्यायनी व्हती. यादी म्हणे, एक पॉइंट चार एमबी. फ्लॉपीवर लिखेल शे एक पॉइंट चव्वेचाळीस. मंग मावाले पाहिजे का नको?

अभिमन : मावायला पाहिजे.

द्रौपदाबाई : नही मावनी! मना चुडामण, तो कॉम्प्युटरवर बसस तो, म्हणे फ्लॉपीच खराब शे. दुसरी घाली. तिसरी घाली. नवीन संपल्यात, तर कपाटमधली जुनी काढी, कोरी करी आणि घाली.

जुबेदा : जुनीवर काय होतं, अक्का?

द्रौपदाबाई : भडगाव तालुकानी बठ्ठी नावं. दोनशे बारा पोरं-पोरी. मशीनवर जागा नही म्हणून तठून पुसेल व्हती. आते दोन्हीकडून गयी.

अभिमन : पण अक्का, आकडा बरोबर आहे. फ्लॉपी बनवणारे एमबी धरतात हजार केबीचा, आणि आपण धरतो हजार चोवीसचा. शिवाय फ्लॉपी स्वतःच्या नोंदीसाठी थोडी जागा खाते. आपल्या मापाने तिच्यात मावतं एक पॉइंट एकोणचाळीस. हिशोबात कुठेही चूक नाही.

द्रौपदाबाई : हिशोब बरोबर शे, भाऊ. पण ती दोनशे बारा नावं कथी शेतस?

जुबेदा : अक्का, ते मी लिहिलंय. सरांनी नाही.

द्रौपदाबाई : तू? इतलीशी पोर?

जुबेदा : आकडा सोपा दिसावा म्हणून एकच दशांश ठेवला. फाइलही एक पॉइंट चार, फ्लॉपीही एक पॉइंट चार. दोन्ही गोल केले की फरक दिसतच नाही. मी तपासताना फायली मोजल्या, फ्लॉपीत भरून नाही बघितल्या.

अभिमन : मग माहितीच्या फाइलमध्ये एक सूचना टाकू. पाचवी ओळ.

जुबेदा : जी कोणी वाचणार नाही. चुडामणभाऊंनी वाचली असती, सर?

द्रौपदाबाई : तो पंचांग सोडी काही वाचत नही.

जुबेदा : अक्का, फाइलचा मूळ आकडा आहे? बाइट्समधला?

द्रौपदाबाई : चुडामणनी कागदवर लिखी दिधा शे. हाऊ पाहा. पण पोरी, माले एमबी-केबी नको सांगू. मावी का नही, इतलंच सांगत जा.

जुबेदा : ...सर.

अभिमन : नाही. सव्वाअकरा झालेत.

जुबेदा : एकच फंक्शन. फाइलचा आकडा द्या, रिकामी जागा द्या. ते सांगेल मावतं का, आणि नसेल तर किती जास्त होतं. वजाबाकीशिवाय त्यात काही नाही.

अभिमन : आणि बारा फ्लॉप्या पुन्हा उतरवायच्या? लेबलं छापून झालीत. आवृत्ती एक पॉइंट शून्य.

जुबेदा : शून्यावर पेनने एक करा. तुमचं अक्षर चांगलं आहे.

अभिमन : अक्का, चहा घेणार?

द्रौपदाबाई : घेसू ना. ही पोर लिही लवकर?

अभिमन : लिहील. हट्टी आहे, पण बोटं भराभर चालतात.

जुबेदा : ...झालं. अक्का, इकडे या. हा तुमचा चौदा लाख सहासष्ट हजार एकशे बारा. एंटर तुम्हीच दाबा. उत्तर मराठीत येईल, अक्षरं इंग्रजी.

द्रौपदाबाई : हाई? दाबू? ...मा, व, त... ‘मावत नाही. नऊ केबी जास्त.’

अभिमन : अक्का, इंग्रजी अक्षरं झरझर वाचता की!

द्रौपदाबाई : छापखाना शे मना. उलटे खिळे वाचत म्हातारी व्हयनी. पोरी, नऊच? नऊनी इतला घोटाळा करा?

जुबेदा : नऊच. सूचीचे दोन तुकडे करा, दोन फ्लॉप्यांवर जाईल. पण आधी भडगावची नावं. हातांनी भरलेले फॉर्म असतील ना?

द्रौपदाबाई : शेतस. पण रविवारले वधू-वर मेळावा शे आणि छापाले उद्या द्यायनं शे.

जुबेदा : चुडामणभाऊ किती बोटांनी टाइप करतात?

द्रौपदाबाई : दोन.

जुबेदा : मी दहा बोटांनी करते. तुमच्याबरोबर येते. पाचोऱ्याला माझी खाला, म्हणजे मावशी, राहते, मुक्काम तिच्याकडे. उद्या दुपारपर्यंत दोनशे बारा होतील.

अभिमन : जुबेदा, डोकं ठिकाणावर आहे? तुझी लायब्ररी आज पहिल्यांदा चारचौघांसमोर चाललीय. मी गेलो तर फक्त वाटप होईल. समजावून तूच सांगणार होतीस.

जुबेदा : तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. तुम्हाला दहा मिनिटंही पुरणार नाहीत.

अभिमन : तो टोमणा होता का?

जुबेदा : नाही, सर. खरंच.

द्रौपदाबाई : नको ग बाय. तुना मोठा दिवस शे आज. मी भांडाले उनी व्हती, तुले उचली न्यायले नही. आम्ही करी लेसूत कसंबी.

जुबेदा : माझ्या गोल आकड्याने त्या पोरांची नावं गेली, अक्का. ती परत आल्याशिवाय मला जळगावात उभं राहून काय बोलता येईल? सर, नवं फंक्शन घालून बाराही उतरल्या. आधी एकेक उघडून बघा, मग पिशवीत भरा.

अभिमन : उघडून बघतो. ...गाडी कुठली धरणार?

द्रौपदाबाई : पारोळा, भडगाव करी जास ती. धा मिनिटंमा सुटी.

अभिमन : मग रिक्षा करा. आणि जुबेदा, तिथे कोणी विचारलं, हे लिहिणारी कुठे आहे, तर काय सांगू?

जुबेदा : सांगा, पाचोऱ्याला गेलीय. भडगावची नावं टाइप करायला.