उलटी येणारी पेटी

चाळिशीत बारावीला पुन्हा बसायचं ठरवलं तवाची गोष्ट. एका गणितावर माझं गाडं अडलं. थांबलेल्या पेटीला दोघं एकाच बाजूनं ढकलतात, एकाचा जोर तीस, दुसऱ्याचा वीस. जमिनीचं घर्षण जास्तीत जास्त साठ. त्वरण काढा. तीनदा पन्नासातनं साठ वजा केले, तिन्हीदा उत्तर उणे.

आमचे मालक गुळाच्या बाजारात हमाल. जेवता जेवता म्हणाले, "उणे म्हंजी?"

"ढकलल्यावर पेटी उलटी आपल्याच अंगावर येतीया."

"येडी हाईस व्हय! वीस वर्सं वझं ढकलतोय. हललं न्हाय तर जागंवर बसतंय की, अंगावर कशाला यील?"

पुस्तकाच्या मागं उत्तर बघितलं. शून्य!

चौथी नापास माणूस! मी त्यांचं ताट बाजूला सारलं, वही पुढं ठेवली.

"आधी पुढचं गणित सांगा, मग भाकरी."