गेस्के दोन होत्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वेस्टरवीर्ड वंशेतिहास मंडळाचे प्रमुख माननीय डाउवे हेरेमा, व्यासपीठ भूषवणारे प्रमुख पाहुणे, ‘वेस्टरवीर्डची घराणी’ या जाडजूड ग्रंथाचे कर्ते वीब्रेन सिक्केमासाहेब, आज जिला आपण निरोप देतो आहोत ती आपली गेस्के टोलस्मा, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या गेस्केबाई, आणि वारा एवढा असताना सायकली हाणत सभागृहात आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

अध्यक्षांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. सोबत ‘रिक्स्त, जरा गोड बोल’ अशी तंबीही दिली. आता मी पडले गुरांची डॉक्टर. माझा सगळा जन्म गाईंची बाळंतपणं करण्यात गेला. गोड बोलून वासरू बाहेर येत नाही हो डाउवे!

असो. निमंत्रणपत्रिकेत लिहिलंय, ‘वयोमानामुळे गेस्केबाई चिटणीसपद सोडत आहेत.’ वयोमानामुळे? परवा ही बाई वाऱ्याच्या तोंडावर सायकल चालवत बांधावरून माझ्या पुढे निघून गेली. कसलं वयोमान घेऊन बसलात?

गेस्केबाईंनी काय केलं हे मी तुम्हाला सांगायला हवं का? शाळेत गणित शिकवून झालं की त्या दुपारी कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. चर्चच्या नोंदी काय, कुणीही वाचेल. पण तुमच्या पणजोबाने धाकट्या भावाशी बोलणं का टाकलं, हे कुठल्या नोंदीत सापडतं? ते मागे बसलेल्या या योखुमच्या आजीने गेस्केबाईंना सांगितलं, तेही कॉफीच्या चौथ्या कपाला. ते सगळं त्यांनी आपल्या शब्दांत लिहिलं आणि मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट ठेवलं. अमेरिकेतून लोक विचारायचे, ‘बाई, घेऊ का?’ बाईंचं उत्तर ठरलेलं: ‘खुशाल घ्या. कुठून घेतलं तेवढं लिहा.’

एवढंच. एवढी एकच अट.

आणि मग सिक्केमासाहेबांचा ग्रंथ आला. सोनेरी अक्षरं, चकचकीत कागद. पहिल्याच पानावर ‘सर्व हक्क लेखकाधीन, यातला कोणताही मजकूर परवानगीवाचून वापरू नये.’ गेस्के टोलस्मा हे नाव ऋणनिर्देशात नाही, तळटीपेत नाही, कुठेच नाही. साहेब, मी शोधलं. माझा चष्मा नवा आहे.

बरं, इथवर एक वेळ मी गप्प बसले असते. आयत्या बिळावर नागोबा आपल्या गावाला नवा नाही. पण पुढे काय झालं? साहेबांच्या वकिलाची मंडळाला नोटीस आली, की तुमच्या संकेतस्थळावरचा मजकूर आमच्या ग्रंथाशी जुळतो, सबब काढून टाका! जुळतो? अहो, पोरगी आईसारखी दिसते म्हणून आईलाच घराबाहेर काढायचं? याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. आणि आपल्या कार्यकारिणीने काय केलं? ‘गावात कशाला भांडण’ म्हणत पानं काढून टाकली. दुसऱ्या दिवशी गेस्केबाईंनी राजीनामा दिला. हे तुमचं वयोमान!

नाही डाउवे, घड्याळ दाखवू नका. कॉफी थर्मासमध्ये आहे, ती कुठे पळून जात नाही.

सिक्केमासाहेब त्या वेळी मला बाजारात भेटले होते. म्हणाले, ‘रिक्स्त, नावं आणि तारखा कुणाच्या मालकीच्या नसतात.’ खरं आहे. शंभर टक्के खरं. माझी जन्मतारीख तुम्ही गोठ्यावर रंगवलीत तरी मी काही म्हणणार नाही. पण आज सकाळी मंडळाने गेस्केबाईंना द्यायची भेटवस्तू माझ्याकडे बांधायला दिली. काय भेटवस्तू असेल? सांगा की कुणीतरी! बरोबर, हाच ग्रंथ. ज्या घरात चोरी झाली, त्याच घराला चोरीचा माल सत्काराला! लाज कशी वाटली नाही रे तुम्हाला?

तर बांधण्याआधी मी टोलस्मा घराण्याचं पान उघडलं आणि दोन वाक्यं चिठ्ठीवर उतरवून घेतली. वाचते, ऐका. ‘आईने मागच्या दाराची कडी त्या दिवसापासून मरेपर्यंत काढली नाही. घरात यायचं तर सगळ्यांना पुढून फिरून यावं लागे, पाहुण्यांनाही, पाद्रीबाबांनाही.’

ही दोन्ही वाक्यं शब्दाला शब्द गेस्केबाईंची आहेत. ही काय तारीख आहे का हो? ही कुणाची आई आहे, साहेब? तुमच्या मातोश्री तर दोन्ही दारं सताड उघडी टाकून शेजारणीशी गप्पा मारत बसायच्या, माझी आईच ती शेजारीण होती!

हसू नका. पुढचं ऐका.

‘त्या दिवसापासून.’ कुठल्या दिवसापासून? मी अख्खं पान दोनदा वाचलं. तो दिवसच नाही. आई दाराला कडी का लावते याचं कारणच ग्रंथात नाही. परका माणूस वाचेल तर म्हणेल, बाई खुळी होती.

कारण गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. मागच्या दारातून पोर बाहेर गेली आणि कालव्यात पडली. तीन वर्षांची होती. तिचं नाव गेस्के. आजीचं नाव. आणि आजीचं नाव घरात चालायलाच हवं, म्हणून पुढची मुलगी झाली तिचंही नाव गेस्के ठेवलं, त्याच या आपल्या गेस्केबाई. आपल्याकडे अशी किती घरं आहेत! माझ्या बाबांच्या आधी एक रिंस होऊन गेला, बाबाही रिंसच. आपल्यात शेंबड्या पोरालाही हे कळतं.

पण साहेबांनी स्वतः वाचलंच नव्हतं ना! सगळं उचललं आणि शहरातल्या कुणाकडे तरी जुळवायला दिलं. एकाच आईबापाच्या दोन गेस्के दिसल्यावर त्याने ठरवलं, एकच नोंद दोनदा पडलीय. एक ठेवली, एक पुसली.

ती पुसली गेलेली पोर कुठे आहे आता? कबरस्तानात नाही. कबरीच्या भाड्याच्या जागेची मुदत संपल्यावर दगड काढला, तिथे आज दुसरं कुणी झोपलंय. फोटो कधी काढलाच नव्हता. आईबाप गेले. ती फक्त धाकट्या बहिणीने लिहिलेल्या त्या पानावर होती. ते पान तुम्ही नोटीस पाठवून काढायला लावलंत आणि आपल्या ग्रंथातूनही तिला गाळलंत. एकदा पाण्याने नेली. दुसऱ्यांदा तुम्ही, साहेब.

काय म्हणालात? मोठ्याने बोला. ‘दुसऱ्या आवृत्तीत बघू’? ऐकलंत का मंडळी? दुसऱ्या आवृत्तीत बघतायत!

नाही, गेस्केबाई, मी खाली बसणार नाही. तुम्ही आयुष्यभर ‘जाऊ दे गं’ म्हणालात म्हणून तर ही वेळ आली. हा ग्रंथ तुम्हाला मी देणार नाही. साहेब, हा घ्या तुमचा तुम्हाला. कागदात मी चांगला बांधलाय, रिबिनीसकट न्या.

आणि अध्यक्षमहाराज, आता तुमच्याकडे वळते. संकेतस्थळाची किल्ली तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. ते पान परत लावा. उद्या नाही, कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत नाही. आत्ता. वकील आला तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याला गोठ्यात उभा करून उत्तर देते. लावता की नाही? मान काय हलवता, तोंडाने सांगा. मागे योखुमला ऐकू येत नाही.

‘लावतो.’ ऐकलं ना योखुम? काढा फोन, डाउवे. आम्ही थांबलोय.

असू द्या, बाई. रुमाल हवा का? हा घ्या, धुतलेला आहे.

तर मंडळी, कॉफी करणाऱ्यांचे, गुलाबी साखरेचा केक आणणाऱ्या बेकरीचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि एवढं सगळं निमूट ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. माझी जीभ तिखट आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. प्रमुख पाहुण्यांनीही घालावं, त्यांना दुसऱ्याचं पोटात घालायची सवय आहेच.

आणि हे भाषण कुणाला उतरवून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. माझं नाव नाही टाकलंत तरी चालेल. फक्त गेस्के दोन होत्या. त्यातली एकही गाळू नका.