घडी न मोडलेलं वल्कल

समारंभाचे अध्यक्ष माननीय हाजी झुबेरी, व्यासपीठावर विराजमान जिल्हाधिकारी मिस्टर हॅरॉप साहेब, त्यांच्या कानाशी बसून माझं बोलणं इंग्रजीत करून सांगणारे दुभाषी श्रीयुत किझितो, आजचे सत्कारमूर्ती आणि कालपर्यंतचे आपले परगणाप्रमुख श्रीयुत एरिसा मुवोंगे, त्यांच्या पत्नी येमिमाबाई, आणि दोन्ही टेकड्यांवरून आलेल्या बंधू-भगिनींनो,

दोन्ही टेकड्या असं मी मुद्दाम म्हणालो. या टेकडीवर प्रोटेस्टंट चर्च, समोरच्या टेकडीवर आमचं कॅथलिक. आमचे पाद्री फ्रान्सहून आले म्हणून आम्ही 'फ्रेंच', आणि यांचे इंग्लंडहून आले म्हणून हे 'इंग्रज'. मी जन्मात फ्रान्स पाहिलेला नाही आणि एरिसाला चहासुद्धा धड आवडत नाही. तरी या दोन नावांपायी आपल्या आज्यांनी एकमेकींच्या घरचं पाणी सोडलं, आणि बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या. खऱ्या इंग्रजांची तोफ यांच्या बाजूला होती. त्यामुळे माझ्या वडिलांची केळीची बाग गेली आणि परगण्याची प्रमुखकी या टेकडीच्या वाट्याला आली. हाजीसाहेब हसताहेत. हसणारच! त्यांच्या लोकांच्या वाट्याला आम्ही दोघांनीही काही ठेवलं नव्हतं.

तर अशा माणसाच्या निरोपाला बोलायला संयोजकांनी मला, अलोइझी सेन्योंगाला, उभं केलं आहे. त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं.

एरिसाबद्दल चांगलं बोलायचं तर मला फार आठवावं लागतं. त्यानं परगण्यात रस्ता केला. सरळ जाणारा रस्ता आमच्या चर्चपाशी आला आणि एकदम वळला, का तर आमच्या दाराला लागू नये! त्या वळणावर आमच्या फादरांची गाडी उलटली. ती काढायला हाच आधी धावला, चिखलात गुडघ्यापर्यंत उतरला, आणि वर मला म्हणाला, "तुम्हा फ्रेंचांना गाडी हाकता येत नाही, त्याला मी काय करू?" मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. फादर मात्र त्याच्याकडे जेवून आले.

आता, निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे की श्रीयुत मुवोंगे प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत आहेत. मंडळी, यांची प्रकृती बघा जरा! काल यांनी उधळलेली गाय शिंगं धरून अडवली, थोडक्यात वाचली ती गायच. किझितोसाहेब, हे इंग्रजीत नाही सांगितलंत तरी चालेल.

खरं काय घडलं ते आपण सगळेच जाणतो, पण समारंभात म्हणून कुणी बोलत नाही. मी बोलतो. गव्हर्नरसाहेबांनी आपल्या कबाकांना, आपल्या राजाला, विमानात घालून लंडनला पाठवलं. त्या दिवसापासून इथं बसलेल्या बायका सालीचं कापड नेसून सुतकात आहेत. आणि गेल्या महिन्यात हॅरॉप साहेब याच अंगणात आले आणि म्हणाले, नवा राजा निवडायचा आहे, प्रत्येक परगण्यातून एक माणूस द्या.

एरिसानं विचारलं, "साहेब, मयत कुठं आहे?"

"मयत कसलं? तुमचा राजा लंडनमध्ये ठणठणीत आहे."

"मग राजपुत्रानं वल्कल घालायचं कुणाच्या अंगावर?"

साहेब इथं नवे आहेत, त्यांना हे माहीत नसणं हा त्यांचा दोष नाही. जो राजपुत्र वारलेल्या राजावर वल्कल पांघरतो तो राजा होतो. दुसरी वाट आमच्याकडे नाही. एरिसानं हे समजावून सांगितलं आणि म्हणाला, "जित्या माणसावर ते घातलं तर आम्ही त्याला खून म्हणतो."

साहेब म्हणाले, रूढी बदलता येतात. त्यावर या माणसानं, हात जोडून हो, विचारलं, "तुमच्या राणीसाहेब गादीवर आल्या, त्या वडील वारल्यानंतर की आधी?" साहेबांनी राणीच्या काकांचं उदाहरण काढलं, की त्यांनी जिवंतपणी गादी सोडली होती. "सोडली ना? आपल्या पायांनी गेले ना?" एरिसा म्हणाला. "त्यांना कुणी विमानात नव्हतं घातलं."

तेव्हापासून त्याची प्रकृती बिघडली आहे.

मी त्या दिवशी मागे उभा होतो. लाज वाटली मला, कारण हे बोलायला मी हवा होतो आणि बोलला तो 'इंग्रज'!

मग साहेब माझ्या कॉफीच्या बागेत आले. अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही कॅथलिकांनी फार वर्षं वाट पाहिलीत. आता प्रमुखकी तुमची. फक्त नव्या राजाच्या निवडीला माणूस पाठवा." माझ्या बापाला जी खुर्ची मिळाली नाही ती दारात चालून आली होती. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, विचार करून सांगतो. माझी बायको फेलिसिता शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "बसा हो खुशाल खुर्चीवर. जेवायलाही साहेबांकडेच जा."

दुसऱ्या दिवशी एरिसा आला. आमच्या घरात पहिल्यांदा! बूट काढून चटईवर बसला, फेलिसितानं वाढलेलं शिजवलेल्या केळ्यांचं मटोके शेंगदाण्याच्या कालवणाशी खाल्लं, आणि म्हणाला, "अलोइझी, तू घे ती खुर्ची. तू नाही घेतलीस तर बाहेरचा कुणीतरी आणतील आणि तो लोकांना पिळेल. माझा राग नाही." ज्या माणसाचं अन्न मी कधी खाल्लं नाही, तो माझ्या घरी जेवून माझ्यासाठी खुर्ची सोडत होता. मला रडू आलं, आणि ते कसं लपवावं कळेना, म्हणून मी त्याला मीठ कमी आहे का विचारलं.

साहेब, तुम्ही माझ्या उत्तराची वाट पाहताय. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर 'नवीन प्रमुखांचा परिचय' असं छापलंय, तेही मी वाचलं. किझितोसाहेब, आता एक शब्दही गाळू नका.

एरिसा, जन्मभर तू हो म्हणालास की मी नाही म्हणत आलो. तू म्हणतोस, घे. या वयात सवय कशी मोडू? मी ती खुर्ची घेणार नाही. बाहेरचा आणला तर त्याला दोन्ही टेकड्यांशी एकदम भांडावं लागेल, आणि भांडणाचा सराव आम्हाला भरपूर आहे.

हे वल्कल आमच्या टेकडीकडून तुला भेट. आमच्या झाडाचं, आमच्या लोकांनी कुटलेलं. याची घडी मोडू नकोस. राजा परत येऊ दे, म्हातारा होऊ दे, तोवर हे तुझ्या पेटीत राहू दे.

अध्यक्षांनी वेळ दिला, साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, येमिमाबाईंनी सकाळपासून चूल सोडली नाही, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल तर चूक पोटात घाला. खुर्चीबद्दल जे बोललो ते मात्र भरात बोललो नाही.

येमिमाबाई, पानं वाढा. आज मी तुमच्या घरी जेवणार आहे.