काकांची एक तारीख

आमच्या काकांचं ऐका. माह्या पोरीचं साक्षगंध एक नोव्हेंबरले नागपुरात ठरलं, तर हे इथं छत्तीसगढात, पुरानी बस्तीतल्या आपल्या खाटेवरून उठायलेच तयार नाही.

म्हटलं, "काहून, काका?"

"अरे, छप्पन साली त्याच तारखेले मी नागपुरात मावशीकडे होतो. गेलो तवा नागपूर आपली राजधानी. वापस आलो तर नागपूर मुंबई राज्यात, अन् आपली राजधानी भोपाळले! दोन हजार साली तीच तारीख, नागपुरातच बारसं. वापस आलो तर आपलं गाव नव्या छत्तीसगढ राज्यात! मी तिथं गेलो का राज्य फुटते."

"काका, ते दिल्लीवाले ठरवतात."

"हव. पण माह्यी वाट पाहून राहतात ना!"

शेवटी व्याह्यांना फोन करून खरं कारण सांगितलं. वाटलं, पोरीचं जमलेलं मोडते आता.

मग व्याही हळूच म्हणाले, "भाऊ, एक तारखेले काका नागपुरात आले का नक्की राज्य फुटते?"

"ते तर तसंच म्हणतात."

"मग साक्षगंध मागाहून पाहू, पहिले काकांना धाडा. वेगळ्या विदर्भासाठी मोर्चे काढू काढू थकलो न जी आम्ही!"