रिकामी बॅग देऊ नये

मांद्र्याच्या त्या दुकानात वापरलेल्या भारी बॅगा मिळत. गेलेल्या लेकीची, गौरवीची, बॅग तिथे विकायला देऊन पद्मावती बाकावर रिक्षाची वाट पाहत बसली होती. रिकामी देऊ नये म्हणून तिने आत मूठभर तांदूळ आणि हळकुंड घातलं होतं. तेवढ्यात दोघी मायलेकी आल्या आणि लेकीने नेमकी तीच बॅग उचलली.

"आई, ही बघ गो. नव्यासारखीच आहे."

"स्वतःच्या लग्नात दुसरीची वापरलेली मिरवणार तू?"

"नवी हिच्या तिप्पट पडते. आणि ओळखणार कोण?"

"चेन धड आहे का बघ."

"बरी आहे. पण आत तांदूळ आहेत, हळकुंडही. झटकून टाकू?"

"सांडू नकोस. ओटी भरावी तशी भरून दिलीय. हे आईचंच काम."

"मग चांगलंच की. घेऊया?"

"सिद्धी, लेक घरात वावरत असताना कुठली आई तिची बॅग विकते?"

सिद्धीने बॅगेतला हात बाहेर काढला.

"ठेव ती. चेन नीट लाव."

"मग नवीच बघूया."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पद्मावती बसूनच राहिली.