खोली घेतली का, गणेश?

नमस्कार. काकू, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला बोलता येत नाही. माझं कामच तसं आहे. दुसऱ्यानं वाजवायचं, दुसऱ्यानं गायचं, अन् आपण स्टुडिओच्या काचेमागं गप बसायचं. आज अरविंदकाका नाहीत म्हणून काचेच्या या बाजूला आलो. अडखळलो तर सांभाळून घ्या.

काही जण मला ओळखत नसतील. मी गणेश. गाव गंगापूरकडचं, घरी ऊस, कापूस. इथं गारखेड्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनं, हळदीची गाणी, निवडणुकीच्या रिक्षांच्या जाहिराती, जे येईल ते रेकॉर्ड करतो. अन् नऊ वर्षं दर रविवारी सकाळी काका यायचे. पाटबंधारे खात्यात उभा जन्म नकाशे काढले त्यांनी. रिटायर झाले अन् पाठीला गिटार लावून स्कूटरवर माझ्या दारात हजर.

ती गिटार साधी नव्हती. पोट फुगीर, अन् त्यावर व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार चिरा. तिला आर्चटॉप म्हणतात. शहागंजात जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडली होती. दुकानदार चाचा म्हणाले, "ले जाओ साब, ये सारंगी का बडा भाई हय." काका हे सांगताना दरवेळी हसायचे. हसता हसता खोकायचे.

या गिटारला दोन आवाज असतात. एक लाकडाचा. तिच्या पोटासमोर वीतभर अंतरावर माइक ठेवून मी तो घ्यायचो. दुसरा डब्याचा. डबा म्हणजे अँप. गिटारीतून वायर काढून ती अँपला जोडायची, अन् तो अँप आम्ही मोरीत ठेवून दार लावायचो. नाहीतर त्याचा आवाज लाकडाच्या माइकमध्ये घुसतो. डब्याचा आवाज भरीव, गोल. लाकडाचा जरा खरखरीत. त्यात बोट तारेवर घासलेलं ऐकू येतं, खुर्ची कुरकुरलेली ऐकू येते. मग दोन्ही मिसळायचे. किती मिसळायचे, यावरून आमची नऊ वर्षं भांडणं. मी डबा वाढवायचो, काका लाकूड मागायचे. म्हणायचे, "डबा म्हणजे भाकर, गणेश. लाकूड ठेचा. ठेचा थोडाच लागतो, पण नुसती कोरडी भाकर खाणार का तू?"

अन् वाजवायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न. "खोली घेतली का, गणेश?"

खोली घेणं म्हणजे काय, सांगतो. पंखा बंद. मोबाइल बंद. कुणी वाजवायचं नाही, बोलायचं नाही. माइक चालू ठेवून एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. पुढं वाजवलेल्यात कुठं कापून जोड द्यावा लागला तर तो मधे भरायला कामाला येतो. पण काकांनी एकदा घरून फोनवर मला विचारलं, "खोली घेतली का?" अन् ते काकूंनी ऐकलं. काकूंना वाटलं, ह्यांनी न विचारता गारखेड्यात खोली घेतली. दोन दिवस अबोला. आठवतं ना काकू? तिसऱ्या दिवशी काकू स्वतः स्टुडिओत आल्या, खोली बघायला. चहा घेतला, एक मिनिट गप बसल्या अन् जाताना म्हणाल्या, "एवढ्यासाठी व्हय?"

आता अवघड ते सांगतो. सांगायलाच आलोय.

मागच्या वर्षी काकांच्या फुप्फुसाचं दुखणं वाढलं. दम लागायचा. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज आधीपासून यायचा, तो वाढला. दिवाळीनंतर त्यांनी काकूंसाठी एक धून बांधली होती, ती रेकॉर्ड केली. माइक वीतभरावर. त्यामुळं लाकडाबरोबर श्वासही आला. प्रत्येक ओळीच्या आधी श्वास. मी म्हणालो, "काका, लोक कानात हेडफोन घालून ऐकतात. हे बरं नाय वाटत." ते म्हणाले, "राहू दे रे. माणूस वाजवतोय हे कळायला नको का?"

मी ऐकलं नाही. माझी अक्कल मोठी. मी लाकूड पूर्ण काढलं, नुसता डबा ठेवला. स्वच्छ केलं. अन् डिस्क भरली होती म्हणून लाकडाची ती फाइल कायमची पुसून टाकली.

काकांना पाठवलं. त्यांनी ऐकलं अन् फोन केला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "छान झालंय. स्वच्छ आहे. पण गणेश, खोलीत कुणी नाही रे."

मग म्हणाले, "पुन्हा करू." मी म्हणालो, येत्या रविवारी. तो रविवार आला, काका आले नाहीत. त्या दिवशी ते दवाखान्यात होते. तिथून ते घरी आलेच नाहीत.

दहाव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "ती धून आहे ना तुझ्याकडं? मला गिटार नको. मला त्यांचा श्वास ऐकायचाय. चार वर्षं त्या शिट्टीनं झोपू दिलं नाय मला. आता तिच्यावाचून झोप येत नाय."

मी तो पुसला होता. काकूंच्या समोर बसून मी खोटं बोललो. म्हणालो, बघतो.

तीन दिवस सगळ्या डिस्क उपसल्या. डब्याची धून होती. लाकूड नाही. गेलं ते गेलंच. काल सकाळी एक छोटी फाइल दिसली. मी तिला नाव पण धड दिलं नव्हतं, नुसतं 'खोली' लिहिलं होतं. धून रेकॉर्ड केली त्याच रविवारची. वाजवायच्या आधीचं एक मिनिट. जोडासाठी घेतलेलं, अन् जोड लागला नाही म्हणून पडून राहिलेलं.

मी ती लावली. त्यात गिटार नाही. पण माइक वीतभरावर होता. काका गिटार मांडीवर घेऊन बसलेत. कुणी बोलत नाही. काका श्वास घेतात. ती शिट्टी आहे. शेवटी खुर्ची कुरकुरते.

आज इथं यायच्या आधी मी काकूंना सगळं खरं सांगितलं. पुसल्याचंही. मग म्हणाल्या, "सगळ्यांसमोर लाव. एकटीला नाय ऐकवायचं मला."

काका, मी चुकलो. तुम्ही भाकर-ठेचा सांगत राहिलात अन् मी तुमचा श्वासच बाजूला काढला. हे माझ्या डोक्यातनं जाणार नाही. जाऊही नये.

शोकसभेत स्तब्ध उभं राहतात. आपणही राहू. एकच मिनिट, काका मागायचे तेवढंच. मागं कुणीतरी पंखा बंद करा. मोबाइल बंद करा. मी ती फाइल लावतोय. काही वाजेल म्हणून वाट बघू नका. काका बसलेत, एवढंच आहे.

काकू, तुम्ही बसूनच राहा.

उभे राहा सगळे. खोली घेऊ.