धुऱ्यावरून फिरलेली सुई

मित्रांनो, आणि एसटीने गावाहून नागपुरात आलेल्या माझ्या शेतकरी बांधवांनो,

सभा गाजवायची मला सवय आहे. पण यमुनाताईंच्या फोटोसमोर उभं राहून बोलायची नाही. शब्द अडखळले तर सांभाळून घ्या.

ताई आमच्या नकाशांच्या कार्यालयात जमिनीचं क्षेत्र काढायच्या. साधन केवढं? दोन दांड्या, एक सुई, एक इवलं चाक. प्लॅनिमीटर. नकाशावरच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या रेषेवरून, सुई फिरवायची. चाक किती फिरलं त्यावरून क्षेत्र कळायचं. हे टेबलावरचं काम. पण तलावात तुमची जमीन जायची ठरली, तेव्हा ताईंनी ते टेबल तुमच्या गावात मांडलं. आधी स्वतः सुई फिरवली. मग मालकाला म्हणाल्या, ‘आता तुम्ही फिरवा.’

साहेब चिडले. ‘बाई, हे काय खेळणं आहे?’

‘साहेब, जमीन जाऊन राहिली त्यायची. एक डाव त्यायले तिच्याभोवताल फिरू द्या.’

कोण बोललं हे? जिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वीतभर वावर नव्हतं, ती बाई बोलली.

दौलतकाका, तुम्ही समोरच बसला आहात. तुम्ही सुई फिरवली, ती रेषेबाहेर गेली आणि क्षेत्र जास्त निघालं. ताई म्हणाल्या, ‘शेजाऱ्याचा धुरा काहून कोरला गा काका?’ तुम्ही म्हणालात, ‘जुनी सवय हाय वं माय.’ गाव हसलं. जमीन जात होती, तरी हसलं.

मग कार्यालयात कॅल्क्युलेटर आला, बाजूंच्या मापांवरून क्षेत्र निघू लागलं. माझं त्याच्याशी वैर नाही. पण गावातलं टेबल उठलं आणि मोजणी बंद खोलीत गेली. ताई सांगत राहिल्या, हिशेब कशावरही करा, मालकाला नकाशासमोर बसवा. कोणी ऐकलं? त्यांच्या मागे कोण उभं राहिलं? आपल्यापैकी कोणीही नाही. शेवटच्या भेटीत मला म्हणाल्या, ‘आकडा बरोबरच येते गा भाऊ. पण ज्याचं वावर, त्यालेच तो परका वाटते.’

आता तलावाच्या वरच्या गावाचीही जमीन जाणार, तिची मोजणी व्हायची आहे. ताई नाहीत. टेबल मात्र गावातच मांडलं जाईल. ते मांडायला लावणं आपलं काम. ताई असताना केलं नाही, आता करू.

उभे राहू या. डोळे मिटा. गेलेलं असो वा राहिलेलं, आपापल्या वावराच्या धुऱ्यावरून मनातल्या मनात एक फेरी मारा. ज्यांना वावरच नाही, त्यांनी ताईंसोबत चाला.

आणि दौलतकाका, आज शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ नका. ताई बघून राहिल्या.